किडे ओळखणारी माणसं हवीत

कोशाची अळी आजारी पडली की माझ्या बाबांना ते लगेच कळायचं. ती खाण्यात मागे पडायची, कात टाकायला उशीर करायची, सोबतच्या अळ्या बोटाएवढ्या झाल्या तरी ही बारकीच राहायची. आम्ही ढिवर, गडचिरोलीतल्या आरमोरी तालुक्यातले, वैनगंगेच्या काठचे. मासेमारी आणि जंगलात कोसा पाळणं ही आमच्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची दोन कामं. अंड्यातून अळी निघाल्यापासून ती कोसा बांधेपर्यंत बाबांचा मुक्काम ऐनाच्या झाडांखालीच असे. अळीच्या पाच अवस्था, चार काती, कोणत्या अवस्थेत ती किती खाते, तिच्यावर कोणते पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्या टपलेल्या असतात, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. तरीही एखाद्या वर्षी निम्मं पीक डोळ्यांदेखत मरून जायचं आणि कारण काही सापडत नसे.

ते कारण मी पदवीच्या वर्गात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पेब्रिन रोगाचे अंडाकृती, चकाकणारे बीजाणू. मादी पतंगाच्या शरीरातून ते अंड्यांत उतरतात, म्हणजे अळी जन्मतःच रोगी असते. फ्रान्समधला रेशीमधंदा या रोगानं बुडायला आला तेव्हा १८६५ साली लुई पाश्चर त्याच्या मागे लागला. त्याला सापडलेला उपाय साधा होता. अंडी घालून झालेली मादी खलायची, त्या लगद्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, बीजाणू दिसले तर तिची सगळी अंडी नष्ट करायची. आमच्या कोशाचे, म्हणजे टसरचे, रोगमुक्त अंडीपुंज आजही याच तपासणीतून तयार होतात.

बाबांची नजर आणि तो सूक्ष्मदर्शक, दोन्ही मला सारखेच मोलाचे वाटतात. आता मी याच भागातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि दर वर्षी माझी खात्री वाढत जाते, की चंद्रपूर-गडचिरोलीत या दोन गोष्टी एकत्र आणणारी माणसं फार थोडी आहेत. किडे रोज पाहणारे हजारो आहेत. त्यांची नेमकी ओळख पटवून, नोंद ठेवून, ती माहिती गावाच्या कामी आणणारं कुणी हाकेच्या अंतरावर नाही. या उणिवेची किंमत शेतकरी, कोसा पाळणारे, तेंदू तोडणारे आणि तापानं फणफणलेली लेकरं मोजतात.

किड्यांवर चालणारी चूल

शहरातल्या वाचकाला कीटकशास्त्र हा छंदाचा विषय वाटू शकतो. आमच्याकडे त्यावर घरातली चूल चालते. टसरचंच घ्या. जात एकच, अँथेरिया मायलिटा. पण निरनिराळ्या जंगलांत तिचे निरनिराळे वाण घडले आहेत. झारखंडकडचा डाबा, बस्तरचा रैली आणि आपल्याकडचा भंडारा. प्रत्येक वाण आपापल्या जंगलाच्या पावसाला, झाडांना, थंडीला सरावलेला असतो. बाहेरच्या वाणाचे अंडीपुंज वाटले गेले की स्थानिक वाण मिसळतो, मागे पडतो. म्हणून जंगलात त्याचे किती कोसे उरले आहेत हे वर्षानुवर्षं मोजत राहावं लागतं. टसरवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था १९६४ पासून रांचीला आहे आणि तिचं काम मोठं आहे. पण भंडारा वाण राहतो तो इथल्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवर. त्याची मोजणी इथंच व्हायला हवी.

उन्हाळ्यात हजारो कुटुंबांच्या हातात रोख पैसा येतो तो तेंदूपत्त्यातून. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई, म्हणजे झुडपांची छाटणी, होते, नवी पालवी फुटते, मे महिन्यात तोडणी होते आणि ७० पानांचं एक पुडकं बांधून ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, जातं. ज्या पानावर गाठी आल्या ते पान बिडीला चालत नाही. या गाठी ट्रायोझा ऑब्सोलेटा या अगदी बारीक, रस शोषणाऱ्या किड्यामुळे येतात. त्याची पिल्लं कोवळ्या पानात बसतात आणि पान त्यांच्याभोवती फुगतं. ज्या गावात गाठींचं प्रमाण जास्त, तिथल्या बाईला तेवढ्याच पुडक्यांसाठी जास्त चालावं लागतं. खुटकटाई कधी केली, आगी लागल्या की नाही, पाऊस कधी पडला, यानुसार गाठी कमी-जास्त होतात का, हे गावोगाव नोंदवलं तर दोन-चार वर्षांत कामाचं उत्तर मिळेल. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. हा किडा ओळखणारा माणूस आणि एक वही लागते.

धानाची गोष्ट याहून गंभीर आहे. पूर्व विदर्भातल्या धानाचं संशोधन चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीच्या केंद्रात चालतं. आमच्याकडची जुनी दुखणी म्हणजे खोडकिडा, तुडतुडे आणि गादमाशी. गादमाशी डासासारखी दिसते. तिची अळी फुटव्याच्या गाभ्यात शिरते आणि लोंबी येण्याऐवजी कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी येते. त्यालाच चंदेरी पोंगा म्हणतात. पोंगे दिसले की शेतकरी घाबरून फवारतो. पण पोंगा बाहेर आला तेव्हा आतली अळी आपलं काम उरकून कोषात गेलेली असते. त्या फवाऱ्यानं तो फुटवा काही वाचत नाही. मरते ती प्लॅटीगॅस्टर ओरायझी. ही गांधीलमाशीच्या कुळातली, मुंगीपेक्षाही लहान माशी गादमाशीच्या अंड्यात आपलं अंडं घालते आणि एका अळीतून तिची अनेक पिल्लं बाहेर पडतात. गादमाशीवरचा हा फुकटचा इलाज बांधावरच जगत असतो. पोंगा चिरून आत गादमाशी आहे की प्लॅटीगॅस्टर, हे पाहायला शेतकऱ्याला पाच मिनिटं पुरतात. अट एवढीच, की ते पाहायचं कसं हे कुणीतरी त्याला एकदा दाखवावं.

गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या सागवानाचंही असंच. पावसाळ्यात सागाची पानं खाणाऱ्या दोन अळ्या प्रमुख आहेत. एक कोवळी पालवी फस्त करते, हिब्लिया प्युरा. दुसरी पानाचा गर खाऊन नुसती जाळी शिल्लक ठेवते, युटेक्टोना मॅकेरॅलिस. दुसरीनं खाल्लेलं जंगल आग लागल्यासारखं तांबूस दिसतं, म्हणून तिचीच भीती जास्त वाटते. केरळात नीलंबुरच्या तरुण सागलागवडीत केरळ वन संशोधन संस्थेनं दोन्हींचा हिशेब मांडला. पहिल्या अळीमुळे लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी ४४ टक्के वाढ बुडत होती. पानगळीच्या सुमारास येणाऱ्या जाळीवाल्या अळीचा वाढीवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. मध्य भारताचं हवामान वेगळं, इथं दोघींच्या येण्याच्या वेळाही वेगळ्या. म्हणून हा हिशेब आलापल्लीत, आलापल्लीच्या झाडांवर मांडला गेला पाहिजे.

एकसारखे दिसणारे डास

राज्यातल्या हिवतापाचा मोठा भार गडचिरोलीवर आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांत पाऊस सुरू झाला की आरोग्य कर्मचाऱ्यांची धावपळ सुरू होते. तिथं हिवताप पसरवणारे डास मुख्यतः दोन: ॲनॉफिलिस क्युलिसिफेसिस आणि ॲनॉफिलिस फ्लुव्हिॲटिलिस. पहिला धानाच्या बांध्यांत, ओढ्यांच्या डबक्यांत वाढतो आणि गोठ्यात विसावतो. दुसऱ्याला झाडीतले संथ वाहते झरे आवडतात.

इथपर्यंतचं ज्ञान जुनं आहे. पुढची गोष्ट भारतीय शास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत उलगडली. ज्याला आपण क्युलिसिफेसिस म्हणतो त्या पाच भगिनी जाती आहेत. ए, बी, सी, डी आणि ई अशी त्यांची नावं. बाहेरून पाहून त्या वेगळ्या सांगता येत नाहीत, त्यासाठी गुणसूत्रं किंवा डीएनए तपासावा लागतो. यातली बी ही जात मुख्यतः जनावरांचं रक्त पिते आणि हिवताप पसरवण्यात तिचा वाटा नगण्य असतो. फ्लुव्हिॲटिलिसमध्येही एस ही जात माणसाच्या रक्ताला सोकावलेली आणि धोकादायक, तर टी ही जनावरांकडे वळणारी. म्हणजे गोठ्यात शंभर डास सापडले तरी धोका किती, हे त्यांतल्या भगिनी जातींवर ठरतं. कोणती जात, ती घरात विसावते की बाहेर, डीडीटीला दाद देत नाही ती कुठली, हे कळल्याशिवाय फवारणीचा पैसा कुठं लावायचा ते ठरत नाही.

आरोग्य खात्यात कीटक समाहारक नावाचं एक पद आहे. हातात विजेरी आणि काचेची चूषक नळी घेऊन हे लोक पहाटे गोठे, घरांचे कोपरे धुंडाळतात, भिंतीवर बसलेले डास ओढून घेतात आणि तासाला किती सापडले त्याचा हिशेब ठेवतात. महाराष्ट्राच्या हिवताप नियंत्रणाचा सगळा डोलारा या कामावर उभा आहे, पण त्याविषयी कुणी चार ओळी लिहीत नाही. माझे काही विद्यार्थी या पदाची परीक्षा देतात तेव्हा मला अभिमान वाटतो. गावाच्या आरोग्यासाठी विज्ञान करायचं तर ते हेच.

नाव लावण्याचं काम का अडतं?

जगात आतापर्यंत कीटकांच्या सुमारे १० लाख जातींना नावं मिळाली आहेत. एकूण जाती ५५ लाखांच्या आसपास असाव्यात असा एक मान्य अंदाज आहे. भारतातून ६० हजारांहून अधिक जातींची नोंद आहे. देशाच्या प्राण्यांची मोजदाद करणारी भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था १ जुलै १९१६ रोजी कोलकात्यात सुरू झाली. तिचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. ताडोबा-अंधारीच्या प्राणिसृष्टीवर तिनं स्वतंत्र ग्रंथही काढला आहे. पण वैनगंगा ओलांडून पूर्वेला आणि दक्षिणेला गेलं, की भामरागड, एटापल्ली, सिरोंचाच्या जंगलात अभ्यासकांची पावलं फार कमी पडलेली दिसतात.

हा मुलूख कीटकांच्या इतिहासातही श्रीमंत आहे. सिरोंचा तालुक्यातल्या कोटा गावाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या ज्युरासिक काळातल्या खडकांत भूवैज्ञानिकांना कीटकांचे जीवाश्म सापडले आहेत. डायनोसोरांच्या हाडांसाठी हे खडक प्रसिद्ध आहेत. त्याच खडकांत त्यांच्या काळातले किडेही आहेत. इतक्या जुन्या किड्यांची नोंद झालेल्या तालुक्यात आज उडणाऱ्या किड्यांची नोंद अपुरी असावी, याचं मला मनापासून दुःख होतं.

नोंदी होत नाहीत याची कारणं ठोस आहेत. फुलपाखरं आणि चतुर छायाचित्रावरून बऱ्याच अंशी ओळखता येतात, म्हणून त्यांचं काम पुढे गेलं. नागपूरच्या अजब बंगला या संग्रहालयाचे अभिरक्षक ई. ए. डी'अब्रू यांनी १९३१ साली मध्य प्रांतातल्या फुलपाखरांची यादी छापली होती. २०११ साली डॉ. आशिष टिपले यांनी विदर्भातल्या दीडशेहून अधिक जातींची यादी प्रसिद्ध केली. दोन याद्या हाताशी आहेत म्हणून ऐंशी वर्षांत काय बदललं याची चर्चा तरी करता येते. बारीक गांधीलमाश्या, माश्या, भुंगेरे, तुडतुडे यांचं तसं नाही. त्यांना टाचणीवर लावावं लागतं, जननेंद्रियं वेगळी काढून पाहावी लागतात, मूळ नमुन्याशी ताडून बघावं लागतं. भारतातल्या असंख्य जातींचे मूळ नमुने ब्रिटिश काळात लंडनच्या संग्रहालयात गेले, ते आजही तिथं आहेत.

दुसरं कारण माणसांचं. वर्गीकरणशास्त्राला नोकरी नाही. महाविद्यालयांत जागा रिकाम्या राहतात, तासिका तत्त्वावर शिकवणारी तरुण पोरं चार वर्षं एखाद्या गटावर मेहनत घेतात आणि मग पोटासाठी दुसऱ्या वाटेनं जातात. एखाद्या कुळाचा जाणकार निवृत्त झाला की त्याच्या जागी कुणी येत नाही. संग्रह जपणं हेही कष्टाचं. आमच्या पावसाळ्यात कीटकपेट्यांना बुरशी येते, संग्रहालय भुंगेऱ्याच्या अळ्या वाळलेले नमुने खाऊन भुगा करतात. दर काही महिन्यांनी नॅप्थालीन बदलणारा माणूस नसेल तर दहा वर्षांचं काम एका पावसात जातं.

तिसरं कारण परवानग्यांचं. अभयारण्यात एक मुंगी उचलायची तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं नमुने देशाबाहेर पाठवण्यावर बंधनं आली. या बंधनांमागे कारण आहे. २००८ साली दार्जिलिंगकडच्या सिंगलीला राष्ट्रीय उद्यानात विनापरवाना कीटक गोळा करणारे दोन चेक नागरिक पकडले गेले आणि दोषी ठरले. पण बंधनांचा काच आपल्याच अभ्यासकांना बसतो, हेही खरं. केरळ कृषी विद्यापीठातले भुंगेऱ्यांचे अभ्यासक के. डी. प्रथापन यांनी सहकाऱ्यांसह २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हीच व्यथा मांडली, आणि जगभरच्या अनेक शास्त्रज्ञांनी तिला पाठिंबा दिला. जिल्ह्यातल्या एखाद्या शिक्षकाला विद्यार्थ्यांसह रात्री पांढरा पडदा आणि दिवा लावून पतंग पाहायचे असतील, तर अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरतो आणि तोवर पावसाळा संपतो. दक्षिण गडचिरोलीत तर नक्षलवादामुळे कित्येक वर्षं रात्री जंगलात दिवा लावून बसणंच शक्य नव्हतं.

नोंद नसेल तर

जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहरातली कीटकप्रेमींची संस्था १९०५ पासून चालू आहे. बरेचसे सभासद हौशी. त्यांनी संरक्षित क्षेत्रांत तंबूसारखे सापळे लावले, सापडलेल्या किड्यांचं वजन केलं आणि नमुने बाटल्यांत जपून ठेवले. २०१७ साली त्यांच्या नोंदींवरून जगाला समजलं, की २७ वर्षांत तिथल्या उडणाऱ्या कीटकांचं वजन तीन चतुर्थांशाहून जास्त घटलं आहे. आज कीटक कमी होत असल्याची जी चर्चा जगभर होते तिचा एक मोठा आधार हा अभ्यास आहे.

आमच्या गावातले म्हातारेही सांगतात, पूर्वी कंदिलाभोवती एवढे किडे यायचे की जेवण उरकता येत नसे. ते खरं असेल. पण वाघाची मोजणी आपण जशी वर्षानुवर्षं चालवली तशी किड्यांची कधीच चालवली नाही, म्हणून त्यांच्या बोलण्याला आकड्याची जोड देता येत नाही. चंद्रपूरच्या कोळसा खाणी, वीजकेंद्रं, राजुरा-कोरपन्याच्या कपाशीवरची औषधं, गडचिरोलीतल्या नव्या खाणी यांनी कीटकांवर काय परिणाम केला, हे वीस वर्षांनी कुणी विचारलं तर सांगायला आपल्याकडे आजची नोंद हवी.

आणि हे काम करू शकणारी माणसं आमच्याकडे आहेत. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले. १९८३ साली आपल्या शेतातल्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षं पेरून पाहिल्या, आणि त्यातून एचएमटी हा वाण देशभर गेला. शास्त्रज्ञाची नजर याहून वेगळी नसते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं अभ्यासगट चालवून मधमाश्यांसकट जंगलातल्या कितीतरी गोष्टी समजून घेतल्या आणि २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला. आज गडचिरोलीतल्या हजाराहून अधिक गावांकडे असे हक्क आहेत. तेंदू आणि बांबू ती गावं स्वतः विकतात, जंगलाचे आराखडे करतात. या आराखड्यांत कीटकांचं पान असलं पाहिजे. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक गावानं लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. तिच्यात तेंदूवरच्या गाठी, कोशाचा वाण, आग्या मोहोळांची झाडं, खाल्ल्या जाणाऱ्या लाल मुंग्या यांची नोंद गावातलीच माणसं उत्तम करतील. त्यांच्या गोंडी-माडिया नावांसकट करतील.

विद्यापीठाकडून मला तीन गोष्टी हव्यात. २०११ पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. तिथं दोन्ही जिल्ह्यांचा एक कीटकसंग्रह असावा, कोरड्या खोलीत, कायमस्वरूपी नेमलेल्या माणसाच्या ताब्यात. धान, साग, तेंदू, टसर आणि हिवताप यांच्याशी संबंधित कीटकांची मराठीतली सचित्र ओळखपुस्तिका असावी. आणि संलग्न महाविद्यालयांच्या शिक्षकांना अभ्यासाची परवानगी पावसाळ्याआधी, एकाच खिडकीवर मिळावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, परदेशी यंत्रंही लागत नाहीत.

वाचकांनाही माझी विनंती आहे. आपल्या शेतात, परसात, जंगलाच्या कडेला कीटक दिसला तर तारीख, गाव आणि तो कोणत्या झाडावर होता एवढं वहीत लिहून ठेवा. जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्र शिक्षकाला ती वही दाखवा. मुलांना किडे चिरडायला शिकवू नका, थांबून पाहायला शिकवा. आणि एखादी मुलगी कीटकांवर संशोधन करायचं म्हणाली, तर त्यात नोकरी कुठं आहे असं विचारून तिला अडवू नका. या दोन जिल्ह्यांना अशा मुलींची आज फार गरज आहे.